रंभाच्या हळदीला पहिल्या धारेची

४ एप्रिल १९८७, शनिवार
आमच्या रंभाचा साखरपुडा झाला. जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, पोरीच्या हळदीला दुकानातली एक बाटली येणार नाही. माझा बाप चेंदणी कोळीवाड्यात हळदीची दारू स्वतः गाळायचा, मीही गाळणार. व्याही खूश. नाथाकाकाने, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, पुन्हा भात मागितला. भागीरथीने चिमटा काढला. बायकोला जाहीर बोलण्याचं वावडंच आहे.

५ एप्रिल
अवघड काहीच नाही. वागळे इस्टेटला केमिकल कंपनीत आहे मी. स्टोअर्सला असलो म्हणून काय झालं, डिस्टिलेशन प्लँट भिंतीपलीकडेच आहे. भागीरथी म्हणते, काकांना विचारा, ते मामंजींबरोबर गाळायचे. सायन्समध्ये विचारत बसायचं नसतं.

८ एप्रिल
काळा गूळ, नवसागर पिंपात भिजत घातले. डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये जागा फक्त बाथरूममध्ये. घरचे सगळे शेजाऱ्यांकडे अंघोळीला जातायत. चारच दिवसांचा प्रश्न.

१४ एप्रिल
प्रश्न अजून आहे. वास जिन्यापर्यंत गेला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गटार तुंबलं समजून माणूस लावला. तो बिचारा दिवसभर उपसत होता. संशय नको म्हणून मीही खाली जाऊन म्युनिसिपालिटीला शिव्या घातल्या. वाईट वाटलं, पण थोडंच.

१९ एप्रिल, रविवार, पहाटे
कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी, नळी गार पाण्याच्या बादलीतून. प्लँटमध्ये अगदी असंच असतं.

त्याच दिवशी, सकाळी
प्लँटमध्ये पाणी चोवीस तास असतं. आमच्याकडे अर्धा तास. नळ गेला, बादली तापली, सगळी वाफ स्वयंपाकघरात. भागीरथीकडे भरलेली कळशी मागितली. तिने कळशीला मिठी मारली. दोष महापालिकेचा.

२६ एप्रिल
मच्छी मार्केटातून बर्फ आणला. डोकं लागतं! धार लागली! चहाचा एक कप भरला आणि गॅस संपला. नंबर लावलाय, सिलिंडर कधी येईल देव जाणे. घरात पाहुणे, भागीरथी स्टोव्हला पंप मारत सगळ्यांचं रांधतेय आणि माझ्याशी बोलत नाही. कपातली चाखली. जीभ संध्याकाळपर्यंत बधिर. म्हणजे क्वालिटी आहे.

२९ एप्रिल
हळद परवा. एवढ्या माणसांना एक कप. रंभाने विचारलं, बाबा, सासरच्यांसमोर काय करणार? रागावलो तिच्यावर. खरं म्हणजे घाबरलोय. दुकानातली आणणार नाही मात्र. शब्द म्हणजे शब्द.

२ मे, सकाळ
हळद पार पडली. मांडवामागून खोकी निघाली, दुकानातली. भागीरथीने साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगून ठेवली होती. दुसऱ्याच दिवशी! एवढाही भरवसा नसावा?

तरी माझा कप मी पुढे केला. आमच्यात आधी पितरांच्या नावाने थेंबभर जमिनीवर सोडतात, मग मंडळी घेतात. नाथाकाकाने कप हुंगला आणि सगळाच्या सगळा जमिनीवर ओतला. वर म्हणाला, दामा, जित्या मानसाला नको देऊ, मेलेल्यांना आता काय होनार हाय? मांडव हसला. व्याही हसले. रंभा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

नंतर सगळे दुकानातली पिऊन नाचले. पण पहिला मान माझ्याच मालाला मिळाला, हे कोणालाही नाकारता येणार नाही.