पाण्याची ऊब

३ मार्च
बोट वेळेवर पोचली, हेच नवल. घर दवाखान्याला लागून आहे, छप्पर गळत नाही. नात मरेता सामान टाकून थेट समुद्रात. काम सोपं वाटतंय. विहिरींचं पाणी चिमुकल्या बाटल्यांत भरायचं, झाकण लावून पेटीत ठेवायचं. पाण्यात जंतू असले की ते वाढतात आणि वाढताना ऊब सोडतात. आपल्या हाताला कळणार नाही एवढीशी, पण पेटीला कळते. पेटीतून निघणाऱ्या कागदावरची रेघ सपाट राहिली तर पाणी चांगलं. चढली तर वाईट, लवकर चढली तर फारच वाईट. नर्स तेरेतियाने तीनदा समजावलं. म्हटलं, पोरी, शाळा चौथीत सुटली तरी चढ कळतो मला. वही आकड्यांसाठी दिलीय. उरलेली जागा माझी.

६ मार्च
पहिल्या खेपेच्या बाटल्या तेरेतियाने भरून दाखवल्या. पाचही विहिरी सपाट. संध्याकाळी गावच्या सभाघरात मी नारळाच्या रसात कच्चे मासे कालवले, सगळ्यांना हातानेच वाढले. पळीने वाढणारीचं मन आखडतं असतं. डुकरंवाला बाउरो म्हणाला, बाईच्या हाताला चव आहे, जिभेला मात्र मिरची. सगळे हसले. मीही.

११ मार्च
आता बाटल्या मी भरते. खालच्या विहिरीची रेघ तिसऱ्या तासालाच चढली. बाउरोची डुकरं तिथून वीस पावलांवर. तोंडावर सांगितलं, तुझ्यापेक्षा डुकरं शहाणी, निदान ती आपली घाण इतरांना पाजत नाहीत. तो म्हणाला, डुकरं आजोबांपासून तिथेच आहेत, नवीन आलात त्या तुम्ही. विहिरीला लाल फडकं बांधून आले.

१७ मार्च
आणखी दोन विहिरींची रेघ चढली. दवाखान्यात चार पोरं तापाने फणफणलेली, त्यात बाउरोची धाकटी. राजधानीला औषधं मागितली, तर म्हणे बघू. बघा, खुर्चीत बसून बघा. वर तेरेतिया मला विचारते, मावशी, बाटली भरता कशा? दाखवलं. बाटलीच्या तोंडात अंगठा धरायचा, पाणी अंगठ्याला लागलं की भरली. आईने ताडी भरायला असंच शिकवलं. ती म्हणाली, आत बोट नको. म्हटलं, हात साबणाने धुतलेत. हिच्या जन्माआधीपासून पाणी भरतेय मी.

२१ मार्च
पाचही विहिरी बंद. सगळ्यांना उकळलेलं पाणी, उकळते मी, वाटते मी. बाउरोची पोर आज गेली. मी पोचले तर बायका उठून दुसऱ्या चटईवर बसल्या. पाणी वाईट, आणि राग माझ्यावर. मागच्या बेटावरही हेच. दोन वर्षांपूर्वी मला ताप आला, मी उठले. बहिणीची दोन पोरं उठली नाहीत. तिथलीही विहीर वाईट होती. वाईटच होती.

२४ मार्च
तेरेतियाने किटलीभर पाणी उकळून निववलं. एक बाटली तिने भरली, एक मी. तुमच्या पद्धतीनेच भरा, ती म्हणाली. तिची सपाट. माझी दोन तासांत वर. कागद फाडला. पेटी बिघडलीय. परदेशी पेटी, तिला काय कळतं. ती शांतपणे म्हणाली, मावशी, ताप गेला तरी काहींच्या पोटात त्याचे जंतू राहतात. त्यांना स्वतःला काही होत नाही. म्हटलं, चालती हो.

२५ मार्च
पुन्हा. साबण तीनदा, राखेने दोनदा. चढली. पुन्हा. नखं कापली मुळापासून. रक्त आलं. चढली.
मासे — सभाघरातले मासे सगळ्यांना मीच —
बाउरोला काय काय बोलले.

२६ मार्च, दुपार
मरेताचं अंग तापलंय. ही ऊब कळायला पेटी लागत नाही.
ओरडू कोणावर आता. विहीर नाही. डुकरं नाहीत.
तेरेतियाला निरोप धाडला. ती गावाच्या पार त्या टोकाला. पोर पाणी मागतेय. शेजारणीला हाक मारली, तिने दार लावलं.
थांब म्हटलं. थांबत नाही. आजी, आजी. कधीची —
किटलीतलं पाणी पेल्यात ओतलं. नुसता पेला धरायचा. बाहेरून. बाहेरून धर, बये —
भरला. कळलं, भरला ते. अंगठ्याला —