कुंभाराचा अरुणकेतू आणि पाचवा भाग

डिलाईल रोड, मुंबई
सोमवार, ता. १६ फेब्रुवारी १९५९

ती. राजाराममामांस,
रामदासचा सविनय जय भीम.

मामींचा गुडघा आता कसा आहे? तुमचा खोकला गेला नसेल तर रेल्वेयार्डात मफलर बांधून जात जा (तुम्ही बांधणार नाही हे मला ठाऊक आहे, पण भाच्याने लिहायचं असतं). इकडे आम्ही सर्व ठीक आहोत, मी सोडून. वडाळा काही लांब नाही, उठून आलोही असतो. पण हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी छाती होईना, म्हणून कागद काढला.

तर झालं असं, की आमच्या चाळीच्या वाचनालयाच्या कमिटीने ठराव केला: आपण धम्मदीक्षा घेतली, आता आपल्या कपाटात देवदेवस्की नको आणि जन्माने कोणाला थोर ठरवणारी पुस्तकं तर मुळीच नकोत, सगळी तपासून रद्दीत काढावीत. ठराव कोणी मांडला? मीच! सेक्रेटरी ना मी. अध्यक्ष कुशाबांनी अनुमोदन दिलं, टाळ्या पडल्या आणि तपासणीचं काम माझ्याच गळ्यात आलं. पहिल्याच खणात तुम्ही वाचनालयाला दिलेली ती कुमारांची अद्भुत कादंबरी निघाली, भाग एक ते चार. म्हटलं दहा पानं चाळू, शेरा मारू, मोकळं होऊ. दहा पानं कसली, मामा! मी चाळीस वर्षांचा बाप्या, मिलच्या टाइम-ऑफिसात हजेरीपटाखाली पुस्तक लपवून वाचायला लागलो.

बरं, या पुस्तकांची रीत मला ठाऊक नाही असंही नाही. पोरगं अनाथ असतं. खांद्यावर चंद्रकोरीची खूण असते. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा भेटतो, ताईत देतो, 'उघडू नकोस' म्हणतो आणि चौथ्या प्रकरणात मरतो (हे म्हातारे नेमकी कामाची गोष्ट सांगायची ठेवून मरतात). पोरगं ताईत उघडतंच. मग खादाड मित्र, बोलणारा पोपट, आणि पुरुषवेषातली राजकन्या, जिला अख्ख्या राज्यात फक्त नायकच ओळखत नाही. हे सगळं कळत असूनही माझ्या छातीत धडधडतं. परवा तर विणकर गणपत मोरे खाड्यावर होता, आणि त्याच्या नावापुढे कारणाच्या रकान्यात मी लिहून बसलो, 'शिळा झाला' (त्या प्रकरणात राक्षस माणसांचे दगड करत होता). मोरे दुसऱ्या दिवशी ताप अंगावर काढत हजर. साहेबांनी मला बोलावलं. मी सांगितलं, शिळं अन्न खाऊन आजारी पडला. समितीच्या मोर्चातही तेच. लालबागपासून माझा आवाज सगळ्यांत मोठा, पण 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' म्हटल्यावर 'झालाच पाहिजे' ऐवजी माझ्या तोंडून 'अरुणकेतूचा विजय असो' निघालं. मागच्या दहाजणांनी तेही म्हटलं.

हा अरुणकेतू म्हणजे त्यातला नायक. कुंभाराघरचा. चार भागांत त्याने माती तुडवली, चाक फिरवलं आणि मडक्यात कोंडून दोन राक्षस मारले. आमच्या कमिटीत यावर फार रण माजलं. पोपट बोलतो हा पोरांचा खेळ म्हणून चार विरुद्ध तीन मतांनी पास झाला. पण कोणीतरी उठून विचारलं, की हा पोरगा शेवटी राजाचाच मुलगा निघणार नाही ना? तसं असेल तर सगळा संच रद्दीत, कारण पराक्रम करायला जन्मच मोठा लागतो हेच आपल्या पोरांनी वाचायचं का? आणि मामा, मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी उभा राहून छातीवर हात मारून म्हणालो, "पोरगा कुंभाराचाच आहे! खोटं निघालं तर सेक्रेटरीपद सोडीन." मी पाचवा भाग वाचलेलाच नाही. तो वाचनालयात नाहीच. तो तुमच्याकडे राहिलाय.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कशाला रडलो असतो? कुशाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून आमची मीनाक्षी रोज संध्याकाळी त्यांना ही पुस्तकं वाचून दाखवते (तपासणीला मदत म्हणून, तेरा वर्षांची पोर, माझ्यापेक्षा सराईत वाचते). कुशाबांना आठ दिवसांपूर्वी नातू झाला. त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "आमच्यात पोरांची नावं दगडू आन् धोंडू. माझ्या नातवाचं नाव अरुणकेतू ठेवणार. रईवारी कार्यक्रम. पोरगा कुंभाराचाच हाय ना रे?" त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी म्हणालो, "कुंभाराचाच, काका." त्यानंतर मला अन्न गोड लागत नाही. कारण मामा, तुम्हीच सांगा, कुंभाराच्या पोराचं नाव कधी अरुणकेतू असतं का?

माझ्या पदाचं काय, गेलं तर गेलं. पण त्या म्हाताऱ्याने आयुष्यभर लूम चालवून एक नाव निवडलं, आणि ते माझ्या शब्दावर. फार भीती वाटते मला.

आपला भाचा,
रामदास (तूर्त सेक्रेटरी)

ता. क. पाचवा भाग तेवढा पाठवावा. पाठवण्याआधी शेवट बघावा. पोरगा राजपुत्र निघत असेल, तर शेवटची पानं यार्डातल्या एखाद्या इंजिनात पडली असं समजून घ्यावं. तुम्ही मला लहानपणी पुस्तकाचं पान दुमडलं म्हणून चापट मारली होती, ते मी विसरलेलो नाही, तरीही लिहितो.

ता. क. दुसरा, गुरुवार. पत्र पेटीत टाकायचा धीर होत नव्हता, तोवर भलतंच घडलं. काल कुशाबा मीनाक्षीला घेऊन परस्पर तुमच्या घरी जाऊन आले. तुम्ही ड्युटीवर होतात, पाचवा भाग मामींनी दिला, मीनाक्षीने तिथेच बसून वाचून दाखवला. पोरगा राजपुत्रच निघतो. मीनाक्षी रडत घरी आली. मी राजीनामा खिशात घालून कुशाबांकडे गेलो. ते नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, "लेखक चुकला रे, रामदास. चार भाग पोरगं मातीत राबलेलं आपन ऐकलंय. शेवटाला त्यो लेखक घाबरला, आन् राजवाड्यातनं बाप घिऊन आला. नाव बदलायचं न्हाय. अहवाल लिही: संच चार भागांचा, पुरा."

मी लिहिला, मामा. सहीसुद्धा केली. तेव्हा रविवारी मामींना घेऊन नक्की यावं, आणि तुम्ही आयुष्यात खोटं बोलला नाहीत हे ठाऊक असूनही पाया पडून सांगतो, कार्यक्रमात कोणी विचारलंच, तर पाचवा भाग छापलाच नव्हता.