पाडव्याला कुठली वाइन?

तेलीबाग, लखनऊ
५ ऑक्टोबर

चि. स्वरदा हिला आईचे अनेक आशीर्वाद.

तू ठीक असशील. आम्ही दोघंही ठीक. पाऊस एकदाचा गेला आणि ह्यांनी लगेच सकाळी छावणीकडे फिरायला जायला सुरुवात केली. कर्नलसाहेब रिटायर झाले, पण चालणं अजून परेडचंच. रस्त्यात जो भेटेल त्याला ताठ चालायला सांगतात. माझे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र व्यवस्थित चालतं.

फोन न करता पत्र पाठवते आहे म्हणून चकित झाली असशील. काम छोटंसंच आहे. पाडव्याला आपल्याकडे जेवायला माणसं येणार आहेत, तर मला वाइन निवडून दे. नाशिकच्या त्या वाइनरीत परक्या लोकांना कशाबरोबर काय प्यायचं ते शिकवतेस, एकदा सासूला शिकवायला काय हरकत आहे? हो, मी अजून सासूच लिहिते. मार्चमध्ये कोर्टाचा निकाल लागला तो तुझा आणि सुजयचा. माझा त्यात काही संबंध नव्हता.

आणि ही पद्धत तूच लावलीस. तू यायच्या आधी आपल्याकडे पाडव्याला कॅन्टीनची रम निघायची, तीही मागच्या खोलीत, आणि मी नाक मुरडत भजी तळायचे. तू लग्नानंतरच्या पहिल्याच पाडव्याला टेबलाच्या मधोमध बाटली ठेवलीस आणि म्हणालीस, "आई, एक घोट घ्या. नाही आवडली तर उरलेली मी पिते." तुझ्यासाठी काही उरलं नाही. पुण्याच्या नंदामावशीला हे अजून माहीत नाही, आणि तिला कळायचं कारणही नाही.

तर बेत असा: चौकातून गलौटी कबाब आणि बिर्याणी मागवू. घरी भरली वांगी, मसालेभात आणि शेवटी श्रीखंड. ह्यांनी आपल्या अकलेने एक लाल आणि एक पांढरी बाटली आणून ठेवली आहे. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यायची, असं तू कधीतरी म्हणाली होतीस म्हणे. म्हणून ती स्वयंपाकघरात शेल्फवर ठेवली. इथला उकाडा तुला माहीत आहे. परवा रंगीत तालीम म्हणून उघडली तर कोमट काढा! ह्यांनी तरी हट्टाने ग्लास संपवला आणि म्हणाले, "स्वरदा असती तर पोट धरून हसली असती." मग जेवायला आलेच नाहीत.

पाहुणे कोण, ते अजून लिहिलं नाही. तिथेच पेन अडतं, म्हणून आधी कबाब-बिर्याणी उरकून घेतली.

सुजय येतो आहे. त्याच्याबरोबर शिवांगी नावाची मुलगी आणि तिचे आईवडील. इंदिरा नगरला राहतात. माणसं चांगली आहेत. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. त्या दिवशी सगळं ठरवून टाकायचं आहे. सुजयचा फोन आला, "आई, प्लीज, उन लोगों के सामने बाबांची रम नको हाँ. अंकल वाइनवाले आहेत. कुछ ढंग का रखना यार." ढंगाचं कोण निवडणार, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून खूप रडले. मुलाचं ठरतंय आणि आई रडते आहे, काय म्हणावं!

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळलेलं मला सहन झालं नसतं. फोनवर सांगवलं नसतं, तू माझ्या आवाजावरूनच ओळखलं असतंस. म्हणून हे पत्र.

आता एकच राहिलं. दर पाडव्याला तू आधी सुजयला ओवाळायचीस आणि मग ह्यांना, लेक बापाला ओवाळते तशी. तुझे वडील गेल्यापासून तू ह्यांनाच बाबा मानलंस. यंदा हे म्हणतात, मी पाटावर बसणारच नाही. शिवांगी ओवाळेल की, म्हटलं, तर उठून बाहेर गेले.

तेव्हा मी एक ठरवलं आहे. भाऊबीजेला सुजय परत ड्यूटीवर जाईल. तू दुसऱ्या दिवशी ये. कुणाला सांगायचं नाही, सुजयलाही नाही. दोन दिवस राहा, ह्यांना ओवाळ, माझ्याशी भांड. पुढेही दर वर्षी असंच करू. त्या लोकांना कळायचं काय कारण? मुलाने बायको सोडली, पण मला माझी लेक सोडायची नाही गं. नाही म्हणू नकोस.

तुझी वाट बघणारी,
आई

*

नाशिक
१० ऑक्टोबर

ती. आईंना सा. न.

पत्र मिळालं. आधी वाइन.

कबाबांबरोबर बाबांनी आणली तीच लाल द्या, फक्त नवी बाटली आणा. चूक माझी नाही आणि बाबांचीही नाही. 'खोलीचं तापमान' म्हणतात ती खोली थंड देशातली. लखनऊत वाढण्याआधी बाटली थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा. बिर्याणीला रोझे, म्हणजे गुलाबी वाइन घ्या. भरल्या वांग्यांबरोबर लाल अजिबात नको, तिखट आणखी झोंबतं. तिथे पांढरी, शेनिन ब्लाँ मागा, चांगली गार करा. श्रीखंडाबरोबर गोड वाइन, छोट्या ग्लासांत. अंकल मोठमोठी नावं घ्यायला लागले तर बाबांना नुसती मान डोलवायला सांगा. सगळे तेच करतात.

हे लिहिताना काही झालं नाही. काम मला जमतं. पण शिवांगीचं नाव आलं तिथे पत्र ठेवून मी टेस्टिंगला आलेल्या लोकांसमोर गेले. एका बाईंनी विचारलं, "ह्याला कसला वास येतोय?" मी ग्लास नाकाशी नेला आणि मला कसलाच वास येईना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, पेरूचा. मग त्यांनाही तो आला.

आई, मी येणार नाही.

लेक लपूनछपून माहेरी येत नाही. कुणाला कळणार नाही म्हणता, पण मला कळेल. मी आले की तुम्ही दाराचा पडदा ओढाल, मी गेले की माझा ग्लास आधी विसळाल, शिवांगीचा फोन आला की मी गप्प बसायचं. आणि एक दिवस तिला कळेल. मग ती तुमचं काहीच खरं मानणार नाही, आणि तिचं चुकणार नाही. सुजयबरोबरचं शेवटचं वर्ष मी असंच एकेक गोष्ट मागून कळण्यात काढलं आहे. ते दुसऱ्या कुणाला माझ्यामुळे नको.

मला यावंसं वाटत नाही, असं मात्र समजू नका. इतकं वाटतं, की पत्राचा तो भाग मी परत वाचत नाही.

बाबांना सांगा, पाटावर बसा. मी सांगितलंय म्हणावं. पाडव्याचं तिला काही माहीत नसेल, तुम्ही शेजारी उभ्या राहून सांगा. ती तुम्हाला मम्मीजी म्हणेल. तिला 'आई' म्हणायला शिकवा. तुम्हाला ती हाक ऐकायची सवय आहे आणि घरात ती कुणीतरी मारायला हवी. मी यापुढे तुम्हाला कधी लिहिलंच तर 'आई' नाही, 'विजयाकाकू' असं लिहीन. ते मला लगेच जमणार नाही, म्हणून आज आणखी एकदा लिहून घेते. आई, गुडघ्यांना जपा. बाबांना एकटं फिरायला पाठवू नका.

ह्या पत्रापुरती तुमची लेक,
स्वरदा