पप्पांची डुक्कर फियाट

२ सप्टेंबर, मंगळवार

भंगारात गेली म्हणाला होता! तोडली, पत्रा वितळवला, काही उरलं नाही म्हणाला होता. आणि आज सकाळी चहा पिताना फोनवर तिचा फोटो. पप्पांची डुक्कर फियाट. नंबर तोच. रंग मात्र नवा, मलईसारखा. पप्पांच्या वेळी राखाडी होती.

गावठणाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलाय. विक्रोळीला जुन्या मोटारींचा आणि जुन्या वस्तूंचा लिलाव आहे, त्यात ही. चष्मा पुसून परत बघितलं. तीच. ते पुढे आलेलं नाक, ज्यावरून तिला सगळे डुक्कर म्हणायचे. डाव्या दाराच्या काचेखाली पप्पांनी स्वतः बसवलेली पितळी मूठ. तशी मूठ मुंबईत दुसऱ्या कुठल्या फियाटला नसणार, कारण ती आमच्या जुन्या कपाटाची होती!

चहा तसाच राहिला. गॅविन खोटं बोलला. माझा सख्खा धाकटा भाऊ मरणाऱ्या बापाशी खोटं बोलला.

३ सप्टेंबर

काल नीट लिहिता आलं नाही. आज सगळं लिहून ठेवते.

आमच्या कोंडिविटे गावातली अर्धी लग्नं त्या गाडीतून झाली. नवरीला चर्चला न्यायची, नवरा-नवरीला घरी आणायची. पप्पांनी कधी भाडं घेतलं नाही. आमच्या गावची पोरगी रिक्षाने देवळात जाणार नाही, एवढंच म्हणायचे. मीही त्याच गाडीतून गेले.

मग पप्पा थकले आणि गॅविन ती घेऊन गेला. इंजिन उघडून बघायला लागेल, महिन्याभरात परत आणतो. महिने गेले. पप्पा ओट्यावर खुर्ची टाकून फाटकाकडे तोंड करून बसायचे. कुठलाही हॉर्न वाजला की मान वर. मी फोन केला की गॅविन म्हणायचा, पार्ट मिळत नाही. शेवटी एका रविवारी आला आणि उभ्या-उभ्या सांगून मोकळा झाला. भंगारात दिली, पप्पा, काही राहिलं नव्हतं तिच्यात.

पप्पा दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर बसले नाहीत. लेंटच्या उपासांच्या दिवसांत गेले.

त्याने ती विकून खाल्ली असणार. दुसरं काय?

४ सप्टेंबर

आज ग्रुपवर गॅविनचा मेसेज. बोरिवलीहून हात जोडून. "डॅडची गाडी सापडली. देवाची कृपा. कितीही लागो, मी लिलावात घेणार आणि घरी आणणार."

डॅड! जिवंत होते तोवर पप्पा होते.

खाली सगळ्यांची फुलं, बदाम, गॉड ब्लेस यू गॅविन. मुलगा असावा तर असा. कुणीतरी हेही लिहिलं. मी फोन उशीखाली ठेवला. मग काढला. मग ठरवलं.

त्याला ती मिळणार नाही.

६ सप्टेंबर

जेनीला सांगितलं. माझी मुलगी, बँकेत आहे, तिला आकडे कळतात, माणसं कमी. गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली एफडी मोडायची म्हटल्यावर ती उभीच राहिली. "मम्मी, मामाला धडा शिकवायला तू स्वतःचे पाय विकतेयस."

मी म्हटलं, पाय माझे आहेत.

बरोबर आहे तिचं. तरी मोडणार.

८ सप्टेंबर

मेरीमातेचा वाढदिवस. चर्चमध्ये मिसाला गेले. जे मागितलं ते लिहिण्यासारखं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

लिलावाच्या आधी वस्तू बघू देतात, म्हणून विक्रोळीला गेले. बंद कारखान्याची शेड, आत थंडगार एसी. भोंग्याचे ग्रामोफोन, जुने रेडिओ, इराण्याच्या हॉटेलातल्या खुर्च्या. माणसं हळू आवाजात बोलतात, मयताला आल्यासारखी. पलीकडे मोटारी, लाल दोरीच्या आत.

दोरीखालून हात घालून बॉनेटवर ठेवला. तिथली एक पोरगी धावत आली, मॅडम, टच नका करू. मी म्हटलं, बाळा, हिच्या मागच्या सीटवर मला पहिल्यांदा ओकारी झाली होती. ती हसली. मग मी विचारलं, विकतंय कोण? नाव सांगता येत नाही म्हणाली. एक खासगी संग्राहक. असेल कोणी मलबार हिलचा. मला त्याच्याशी काय करायचंय?

गॅविनही आला होता. ब्लेझर, गुलाबी रुमाल. जागांची दलाली करता-करता आता हा जुन्या गाड्यांचा शौकीन झालाय. मला बघून मिठी मारायला आला. मी पर्स पुढे धरली.

त्याची बायको ऑलिव्ह मागे उभी. नेहमीची. मोती, गप्प तोंड. पप्पांच्या आजारपणात सूप घेऊन यायची आणि घड्याळाकडे बघत बसायची. मी बाथरूममध्ये हात धूत होते तेव्हा शेजारी येऊन आरशात बघत म्हणाली, "फ्रेडा, तू ह्यात पडू नकोस गं."

म्हणजे नवऱ्याला स्वस्तात मिळावी! मी नळ बंद केला आणि बाहेर आले.

१९ सप्टेंबर

उद्या. जेनी येणार नाही म्हणाली. मग माझी निळी साडी इस्त्री करून ठेवली.

२० सप्टेंबर, शनिवार

मिळाली!

नीट लिहिते. हातात नंबराची पाटी देतात, ती वर करायची. बोली पुकारणारा माणूस टायवाला, अर्धं इंग्लिश, अर्धं हिंदी, शाळेत हजेरी घ्यावी तसा एकेकाकडे बोट दाखवतो. गॅविन दुसऱ्या रांगेत, ऑलिव्ह शेजारी. मी मागे, भिंतीला टेकून.

आधी चार-पाच जण होते. एक म्हातारा पारशी बराच वेळ टिकला, मग त्याने पाटी मांडीवर पालथी ठेवली. राहिलो आम्ही दोघं. पप्पांची, गावाच्या इझिडोर बाबांची मुलं. गॅविन मागे न बघता पाटी वर करायचा. त्याची खाली जायच्या आत माझी वर. लोक मान वळवून बघायला लागले. एफडी संपली तो आकडा गेला. मग जेनीचा बाप गेल्यावर आलेले सगळे पैसे गेले. मी थांबले नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी गाडी दिसतच नव्हती. गॅविनची मान दिसत होती फक्त, दाढी करून पावडर लावलेली.

मध्येच ऑलिव्हने त्याचं मनगट धरलं. कानात काहीतरी म्हणाली. त्याने हात झटकला आणि परत पाटी वर. माझीही वर.

मग तो वळला. माझ्याकडे बघितलं. आणि पाटी खाली ठेवली.

हातोडा पडला. टाळ्या! मला उठता येईना, शेजारच्या बाईने दंड धरून उठवलं.

तो आला समोर. मी किती दिवस घोकलं होतं ते बोलले. "पप्पा फाटकाकडे बघत-बघत गेले. आता तू बघत बस." आवाज चढला नाही माझा. तो म्हणाला, "घरातली वस्तू घरात राहिली फ्रेडा, बरं झालं." आणि माझ्या खांद्यावर थोपटलं!

नाटकी. आतून जळत असणार. जळू दे.

२१ सप्टेंबर

जेनीने आकडा विचारला. सांगितला. ती आत गेली आणि दार लोटलं.

२६ सप्टेंबर

सगळे पैसे भरून झाले. आज गाडी आली. पण सरळ आली नाही!

टेम्पोवाला म्हणाला, मॅडम, विक्रोळीहून लिंक रोडने अंधेरी, अर्धा-पाऊण तास. मी म्हटलं, आधी बोरिवली. त्याला वाटलं म्हातारी सटकली. जास्तीचे दिले, त्याच्या शेजारी चढून बसले, गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. आयसी कॉलनीत गॅविनच्या बिल्डिंगसमोर टेम्पो उभा करायला लावला आणि म्हटलं, वाजव हॉर्न. परत वाजव.

तिसऱ्या मजल्यावर बाल्कनीत दोघं बाहेर आली. वर टेम्पोवर पप्पांची गाडी, दोरखंडांनी बांधलेली, खाली मी. गॅविनने हात हलवला. हसत! ऑलिव्ह बघून आत निघून गेली.

रस्ताभर मला वाईट झोंबत होतं. त्याने का हसावं?

घरी आल्यावर शेजारीपाजारी जमले. म्हातारी बेनी काकू बॉनेटला हात लावून रडली, तिचं लग्न हिच्यातच झालेलं. मी ग्रुपवर फोटो टाकला. "गाडी घरी आली. गॅविनच्या नाही, पप्पांच्या." त्यावर पहिला बदाम गॅविनचा.

५ ऑक्टोबर, रविवार

आगेरा, आमचा सुगीचा सण. नवीन भाताच्या लोंब्या घेऊन मिरवणूक, बँड, लाल लुगडी. गाडी चर्चच्या आवारात उभी केली होती, झेंडूच्या माळा घालून. सगळं गाव तिथे. मला हाच दिवस हवा होता.

गॅविन आला, सुटात. सगळ्यांना हात मिळवत सांगत होता, माझ्या बहिणीने मला हरवलं, काय बाई आहे! लोक हसत होते. मी थांबले, फादर जवळ येईपर्यंत. मग सर्वांसमोर विचारलं.

"गॅविन, तू पप्पांना सांगितलंस गाडी भंगारात गेली. मग ही कुठून आली?"

बँडवाले सोडून सगळे गप्प झाले. मला वाटलं, आता. आता ह्याचा चेहरा उतरेल.

त्याने डोळे पुसले. खरंच पुसले. म्हणाला, "मी भंगारवाल्यालाच दिली होती. त्याने पुढे विकली असणार. मला काय माहीत होतं? माहीत असतं तर पप्पांसाठी तेव्हाच आणली नसती?"

आणि लोकांनी मान डोलावली! बेनी काकूने त्याच्या पाठीवर हात फिरवला. फादर मला म्हणाले, आजच्या दिवशी मन मोठं करावं. दोन बायकांनी मला बाजूला नेऊन पाणी दिलं, जाऊ दे गं फ्रेडा, मिळाली ना गाडी.

मी माझी सगळी पुंजी घालून त्याला गावात साधू करून ठेवला.

एकटी ऑलिव्ह होती जी त्याच्याजवळ गेली नाही. भिंतीशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तोंड फिरवलं.

६ ऑक्टोबर

जाऊ दे म्हणे. नाही जाऊ देणार.

८ ऑक्टोबर

जेनी आज संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसली. गाडीत, पुढच्या सीटवर. मग म्हणाली, "मम्मी, आता तरी बरं वाटतंय का तुला?"

खोटं बोलता आलं असतं. नाही म्हटलं.

तिने डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. म्हणाली, ऑपरेशनचं मी बघते काहीतरी, कर्ज काढू. मला लाज वाटली. पण गॅविनचं नाव निघालं तशी ती लाज कुठल्या कुठे गेली. असं कसं मन असतं? लोकांच्या पोरांना चाळीस वर्षं शाळेत क्षमा शिकवली मी.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी ऑलिव्ह आली. रिक्षातून, एकटी, हातात बॅग. मी दारातच उभी राहिले, आत ये म्हटलं नाही. तिने पायरीवर उभं राहूनच सांगितलं.

"ती भंगारात गेलीच नव्हती फ्रेडा. कधी विकलीही नव्हती. वसईला त्याच्या गोडाऊनमध्ये होती, झाकून, भाव चढायची वाट बघत. पप्पा विचारायचे तेव्हाही. आता लिलावाला दिली तीही त्यानेच, दुसऱ्याच्या नावावर. ग्रुपवर लिहिलं ते तुला ओढायला. म्हणाला, माझ्यावरच्या रागापायी ती कितीही देईल. परवा तुझे पैसे त्याच्याकडे पोचले. त्याने घरी पार्टी केली."

पुढे म्हणाली, "मला सगळं माहीत होतं. सुरुवातीपासून. आता तू म्हणशील तिथे येऊन बोलते. चर्चमध्ये, पोलिसात, कुठेही. पण त्या घरात परत नाही जाणार."

मी दारातून बाजूला झाले. तिच्या हातातली बॅग घेतली आणि आत नेऊन ठेवली.