समुद्रात जाणारा गारवा

प्रिय ताई, धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवतोही वेळेवर.

जहाजातून येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या अतिथंड द्रवाला आम्ही समुद्राच्या पाण्याची ऊब देऊन त्याचा गॅस करतो. त्यातला गारवा इतकी वर्षं समुद्रातच वाया जायचा. आज तो नळांतून शेजारच्या मासळीच्या शीतगृहात नेला. तिथली यंत्रं बंद केली, तरी मासळी कडक गोठलेली!

"घरी सांगा की!" साहेब म्हणाले. सगळ्यांनी फोन काढले. मीही सवयीने आईचाच नंबर लावला. ती गेली, हे बोटांच्या लक्षातच आलं नाही. नंबर बंद असल्याचं ऐकूनही फोन कानाला धरून उभा राहिलो.

हे तुला फोनवर सांगवेना.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? रविवारी फोन कर, काही काम नसलं तरी.

तुझाच,
धाकटा