अभ्यास करून सांगतो

रविवार, २ ऑगस्ट. दुपारी ३

चर्चहून आल्यावर मी बूट काढायच्या आतच हिने जाहीर केलं. २३ तारखेला हिला साठ पूर्ण होतात. दागिना नको, सहल नको. चिरंजीवांनी यावं, बरोबर त्यांच्या डेंटिस्ट मित्राला आणावं, चौघांनी चर्चमध्ये आपल्या बाकावर बसावं आणि मग घरी जेवावं, बस. फोनही करून झालाय. चिरंजीव यायला तयार. फक्त त्यांनी एक निरोप दिला: पप्पांचा अभ्यास झाला का, ते विचारून ठेव.

टोमणा आहे. तीन वर्षांपूर्वी जेवताना चिरंजीवांनी सांगितलं, की ते आणि डेंटिस्ट नुसते एका फ्लॅटमध्ये राहत नाहीत. एकमेकांवर प्रेम आहे, जन्मभर एकत्र राहायचंय. दुसऱ्या बापाने ताट भिरकावलं असतं. मी चकार वाकडा शब्द काढला नाही. एवढंच म्हणालो, की शास्त्रात काय आहे ते नीट बघतो, अभ्यास करून सांगतो, तोवर दोघांनी मिळून घरी आणि चर्चमध्ये येऊ नका. इतकं मोकळं मन किती बापांचं असतं? चिरंजीव त्यानंतर एकटेही आले नाहीत. हा त्यांचा हट्टीपणा. आईवर गेलेत.

अभ्यास अजून सुरू झालेला नाही, हे मान्य. डेपोत काम फार होतं. पण एकवीस दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी.

ही कल्पना नक्की हिच्या बहिणीची. काल पहिला शनिवार. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ही तिच्याकडे गुडघा चोळून घ्यायला जाते. तीन वर्षांचा नेम. गुडघ्याला फरक शून्य.

सोमवार, ३ ऑगस्ट. सकाळी ६

अभ्यासाचा चार्ट तयार. चार्ट हा माझा हातखंडा. बस डेपोत एकशे चाळीस ड्रायव्हरांच्या ड्यूट्या मी लावतो. चर्चमध्ये कुठल्या रविवारी कोणी बायबलचा कुठला भाग वाचायचा, तेही बावीस वर्षं मीच ठरवतो. दोन्हीकडे माझी एकच पाटी: अदलाबदल मिळणार नाही.

पहिला आठवडा: संपूर्ण बायबल. दुसरा: मूळ ग्रीक भाषा. तिसरा: निबंध, चार पानं, शेवटचं पान निष्कर्षाचं. २३ तारखेला जेवणाआधी उभं राहून वाचायचा. चिरंजीवांच्या डोळ्यांत पाणी येणार. हिला रुमाल काढून ठेवायला सांगणे.

सोमवार, संध्याकाळ

दुसऱ्या अध्यायात डोळा लागला.

गुरुवार, ६ ऑगस्ट

सगळं वाचण्यात अर्थ नाही, थेट मुद्द्याला हात घालावा. वहीत दोन रकाने आखले: विरुद्ध आणि बाजूने. जुन्या करारात नियमांच्या पुस्तकात स्वच्छ मनाई सापडली. विरुद्धमध्ये लिहिली, खाली दोन रेघा मारल्या. मग त्याच नियमांत, पान उलटायच्या आत, दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नका असं निघालं. मी टेरिकॉटचा, म्हणजे अर्धा सुती अर्धा पॉलिएस्टर, शर्ट घालून वाचत होतो. चष्मा पुसून परत वाचलं. तेच. कपाटात आणखी अकरा टेरिकॉट आहेत.

तिसरा रकाना आखला: नंतर बघू.

शनिवार, ८ ऑगस्ट

आज सदोम नगर, याच पापापायी देवाने जाळलं म्हणतात ते. म्हटलं, इथे तरी वाद नाही. तर एक संदेष्टा लिहितो, की त्या नगराचं पाप म्हणजे पोट भरलेलं, मान ताठ आणि गरिबाला हात नाही. मूळ गोष्ट परत वाचली. दारात पाहुणे आले आणि गाव त्यांच्या अंगावर गेलं.

ही कपडे वाळत घालत होती, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे दारात आलेल्याला नीट न वागवणं हेच पाप ना. मी म्हटलं, इतकं सोपं नसतं, अभ्यास लागतो. तिने माझ्या शर्टाला चिमटा लावला तो जरा जोरातच लावला.

सोमवार, १० ऑगस्ट

घात झाला.

चर्चचा चार्ट सहज पाहिला. २३ ऑगस्ट. वाचन: पौलाचं रोमच्या मंडळीला पत्र, पहिल्या अध्यायाचा उत्तरार्ध. म्हणजे नेमका तोच भाग, पुरुषांनी पुरुषांशी वगैरे. वाचक: मी. जानेवारीत मीच टाइप केलंय.

बावीस वर्षांत माझी पाळी चुकलेली नाही. आमेनही मीच सुरू करतो. वाचन कुठे संपतं हे चार्टवाल्याला पक्कं माहीत, म्हणून मी आमेन म्हणायचं, मग मंडळींनी. नव्या वाचकांना मी एकच सूचना देतो: आमेन येईपर्यंत थांबायचं नाही.

तो भाग वाचायला मला काहीच अडचण नाही. फक्त चिरंजीवांना अवघडल्यासारखं होईल. त्यांच्यासाठी हालचाल करणे भाग आहे.

बुधवार, १२ ऑगस्ट

आमच्या मागच्या बाकावर निवृत्त पोस्टमास्तर बसतात. पुढच्या महिन्यात त्यांची पाळी आहे. सहज म्हणून विचारलं, अदलाबदल करता का? त्यांनी खिशातून चष्मा काढला, मला हाताला धरून नोटीस बोर्डापाशी नेलं आणि माझी पाटी मला मोठ्याने वाचून दाखवली. नऊ वर्षांपूर्वी मुलीच्या साखरपुड्यासाठी त्यांनी पाळी बदलून मागितली होती. मी दिली नव्हती. लक्षात ठेवलंय. ख्रिस्ती माणसाने इतका डूख धरू नये.

ऑर्गनवाल्या बाईंनाही विचारलं. त्या नुसत्या हसल्या आणि वाजवत राहिल्या.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

पाळकसाहेबांना भेटलो. तो भाग गाळता येईल का? ते म्हणाले, गाळायचा कशाला, उलट पुढचाही वाचायला हवा. अध्याय पौलाने पाडलेले नाहीत, फार नंतर दुसऱ्यांनी पाडले. पत्र लिहिणारा श्वासही न घेता पुढे गेलाय आणि आपण नेमके तिथेच पुस्तक मिटतो. मी म्हटलं, चार्टमध्ये बत्तिसाव्या वचनापर्यंतच आहे.

मग त्यांनी विचारलं, तीन वर्षांपूर्वी या विषयावर दिलेलं पुस्तक वाचलं का? म्हटलं, अभ्यास चालू आहे. (पुस्तक टेबलाच्या आखूड पायाखाली आहे. टेबल तेव्हापासून हलत नाही.)

उठताना ते म्हणाले, की तुमच्या मुलाचा बाप्तिस्मा मीच केला. पाणी घालताना तुम्ही म्हणाला होतात, हा देवाने दिलाय. तेव्हा काही अट घातल्याचं मला तरी आठवत नाही.

घरी येताना दोन स्टॉप पुढे गेलो. ‘बाजूने’च्या रकान्यात पहिली नोंद केली.

रविवार, १६ ऑगस्ट

ग्रीक: चौथ्या अक्षरापर्यंत मजल. हाताला वळण छान आहे.

आमच्या बायबलात प्रभूचे शब्द लाल शाईत आहेत. चारही शुभवर्तमानांतलं लाल तेवढं चाळलं. या विषयावर एक अक्षर नाही. ढोंगी लोकांवर मात्र पानंच्या पानं. ती वेगाने उलटली, आपल्या विषयाशी संबंध नाही.

मंगळवार, १८ ऑगस्ट

मार्ग निघाला! घसा.

ड्रायव्हर ड्यूटी टाळायला ज्या सबबी सांगतात त्यांची मी वही ठेवलीय. चौथी सबब: घसा बसला. पुढे माझाच शेरा आहे: सर्वांत कच्ची सबब, दिवसभर निभवावी लागते, जेवणाच्या सुट्टीत हमखास पकडले जातात. पण ड्रायव्हरांना शिस्त नसते. मला आहे.

माझ्या जागी कोण वाचेल? नियम तीन, मीच केलेला: वाचक आजारी पडल्यास त्याच बाकाच्या कडेला बसलेल्या माणसाने वाचावे. म्हणजे ही, आमच्या बाकाच्या कडेला कायम हीच असते. हिचा आवाज खणखणीत आहे. प्रश्न मिटला.

शुक्रवार, २१ ऑगस्ट

बाकावर कोणी कुठे बसायचं त्याचा नकाशा काढला. भिंतीकडे चिरंजीव. मग ही, मग मी. कडेला डेंटिस्ट. दोघांच्या मध्ये दोन माणसं आली की पोस्टमास्तरांना मागून काही कळायचं नाही. आणि कडेची जागा म्हणजे मानाची, पाय मोकळे सोडता येतात. म्हणजे पाहुणचारही झाला. चार्ट बनवावा तर मीच.

निबंधाची तीन पानं झाली. पहिली दोन ग्रीक अक्षरांची. निष्कर्षाचं पान कोरं ठेवलंय, तो आयत्या वेळी आतून यावा.

रविवार, २३ ऑगस्ट. सकाळी ७

हिला खुणेने शुभेच्छा दिल्या. घशाकडे बोट दाखवलं. हिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग गरम पाणी दिलं.

दुपारी १

मोरीत बसून लिहितोय. बाहेर तिघं हसताहेत.

क्रमाने लिहितो. चिरंजीव चर्चच्या दारात भेटले. कानापाशी दोन-तीन केस पांढरे झालेत. मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी घशाची चौकशी केली, मी मान हलवली. तीन वर्षांनी मुलगा समोर आला आणि मी मान हलवली.

नकाशाप्रमाणे बसलो. वाचनाची वेळ झाली, मी पाळकसाहेबांना घसा दाखवला. पोस्टमास्तर मागून कुजबुजले, नियम तीन, कडेचा माणूस! पाळकसाहेबांनी कडेला पाहिलं. मीही पाहिलं.

डेंटिस्ट उठला. हिने माझ्यापुढून वाकून त्याला बजावलं, की आमेन येईपर्यंत थांबायचं नाही.

तो शांत वाचत होता. ती वचनं आली तेव्हा त्याचा आवाज किंचित खाली गेला, पण थांबला नाही. माझे कान लाल झाले. चिरंजीव खाली, स्वतःच्या बुटांकडे बघत होते. अगदी असेच ते तीन वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलाशी बघत होते.

बत्तिसावं वचन संपलं. मंडळींनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? घसा बसलेला. डेंटिस्टनेही पाहिलं, आमेन आलं नाही, म्हणून त्याने दुसरा अध्याय सुरू केला.

तिथे पहिल्याच वचनात लिहिलंय, की दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तू कुणीही अस, तुला सबब नाही.

बावीस वर्षं मी हे वाचन त्याच्या अलीकडे थांबवत आलोय. त्याने दुसरं वचन वाचलं. तिसरं वाचलं. सगळं चर्च आता उघडउघड मला बघत होतं. ऑर्गनवाल्या बाई तर वळून बसल्या. चौथ्यात तो देवाच्या दयेचं आणि सोशिकपणाचं वाचायला लागला, आणि हिने पर्समधून रुमाल काढला. तो तिने चिरंजीवांना दिला नाही. मला दिला. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

मी आमेन म्हणालो. खणखणीत. डेपोच्या आवारात ऐकू जाईल इतकं.

मंडळींनी आमेन म्हटलं. पोस्टमास्तरांनी दोनदा म्हटलं.

दुपारी ४

घरी आल्यावर डेंटिस्टने खिडकीपाशी बसवून मोबाइलच्या टॉर्चने घसा तपासला. निदान: घसा ठणठणीत. दाढा मात्र झिजल्यात, झोपेत दात खाता का, काका? ही आतून म्हणाली, तीन वर्षं खाताहेत.

त्यावर तो म्हणाला, आई, मग पहिल्या शनिवारी आमच्याकडे आलात तेव्हा सांगितलं का नाही?

आई. पहिल्या शनिवारी.

बहीण, गुडघा, सगळं उलगडलं. पहिला शनिवार, छत्तीस शनिवार. ही त्यांच्याकडे जाते, जेवते, डेंटिस्टने हिची दाढही बसवून दिलीय. हिला विचारलं, शास्त्राचं काय? ती म्हणाली, देवाने तिला आई व्हायला सांगितलं होतं, परीक्षक नाही. आणि ताटं घ्यायला लागली.

मी निबंध काढला. उभा राहिलो. चिरंजीवांनी विचारलं, अभ्यास झाला का, पप्पा? पहिलं पान उघडलं, त्यावर चार ग्रीक अक्षरं होती. शेवटचं उघडलं, ते कोरं. मी म्हटलं, माझं चुकलं. हे चार पानांत कुठेच नव्हतं. चिरंजीवांनी माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.

रुमाल परत लागला. मलाच.

संध्याकाळी ६

ते गेले. माझी भेट ठरली. शनिवार, ५ सप्टेंबर, सकाळी साडेदहा. माझ्या मनात होतं, की मुलाच्या घरी बाप म्हणून पहिल्यांदा जावं, दारातच चार शब्द बोलावेत. पण डेंटिस्टने पेशंटच्या यादीत नाव घातलंय. आधी दवाखाना, मग घरी जेवण. हिला तो आई म्हणतो, मला काका. मी तक्रार केली नाही. तिची छत्तीस शनिवारांची हजेरी आहे.

एक तास तोंड उघडं ठेवून गप्प बसायचं आहे. बोलायचं काहीच नाही, असं तो म्हणाला.

टेबल परत हलायला लागलंय. पुस्तक काढून घेतलं.