चासी माझी, इंजिन भाभींचं

मी, पितांबर मगन पाटील, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार प्रकाशा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचं काय व्हावं हे कुणाच्याही दडपणाखाली न येता, स्वखुशीने लिहवून ठेवतो. डॉक्टरांनी मला तपासून माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. इंजिन नसलेली गाडी वर्षानुवर्षं रोज सकाळी पुसणाऱ्या माणसाला असा दाखला मिळतो, याचं माझ्या मुलाला नवल वाटतं. त्याने दाखला पुन्हा वाचावा.

कलम १. राहतं घर आणि कापसाचं शेत मुलगा धीरज याला. बँकेतली ठेव धीरज आणि सून हेमांगी यांना निम्मी निम्मी. यात भांडण्यासारखं काही नाही, तेव्हा भांडू नये. माझी पत्नी आशा हिने वारण्यापूर्वी आपले दागिने स्वतःच्या हाताने हेमांगीला दिले आहेत, त्याची चर्चा नको. तिची एक जुनी सुती साडी मात्र गाडीच्या बोनटवर असते. "नवरीले नजर लागी जाई," असं म्हणत तिनेच ती टाकली होती. ती साडी तिथून कुणी हलवू नये.

कलम २. गाडी. वकीलसाहेब म्हणाले, थोडक्यात सांगा. एवढं लांब बोनट असलेल्या गाडीचं थोडक्यात कसं सांगायचं?

माझे मोठे भाऊ कै. रूपचंद यांनी एकोणीसशे पंच्याण्णव साली, मिरचीला भाव चांगला लागला तेव्हा, डिझेलची काँटेसा घेतली. त्या वेळी नंदुरबार हा जिल्हा नव्हता, म्हणून पाटीवर धुळ्याचा अठरा नंबर आहे. तो आमचा मान आहे. अहो, काय गाडी होती! रुंद छाती, लांब नाक, मागची सीट म्हणजे बैठकच. दादाने तापीच्या पुलावर पाय दाबला की मागे बसलेल्यांची बोलती बंद. डिकीत मिरचीची पोती टाकून आम्ही नंदुरबारच्या बाजारात जायचो, आणि व्यापारी मिरची हातात धरून गाडीकडे बघत राहायचे.

पुढे वडील गेले, चुली वेगळ्या झाल्या, वाटणीला पंच बसले. जमीन मोजली, भांडी तोलली, म्हशींच्या चिठ्ठ्या टाकल्या. गाडी राहिली. दादा म्हणे मला, मी म्हणे मला. विकून टाका असं एक पंच बोलला तर आम्ही दोघे भाऊ एकदम त्याच्या अंगावर धावलो. त्या दिवसात आमचं एकमत झालं ते तेवढंच. मग पंचांनी डोकं चालवलं. रूपचंदच्या वाट्याला तापीकाठची केळी आली आहे, पाणी उचलायला इंजिन लागतं, तर इंजिन रूपचंदचं. उरलेली गाडी पितांबरची. वाटणीपत्रात तसंच लिहिलं आणि आम्ही दोघा शहाण्यांनी त्यावर ठसठशीत सह्या केल्या.

दादाने इंजिन नदीकाठी पंपाला जोडलं. इकडे माझ्या अंगणात, इंजिनच्या रिकाम्या जागेत, कोंबड्या अंडी घालायला लागल्या. एकदा मी बोनट उघडलं तर आत पिल्लं. माझं डोकं असं फिरलं की त्याच दिवशी मी गाडी हातात घेतली.

मला येत काहीच नव्हतं. विसरवाडीच्या फाट्यावर गॅरेज असलेले सॅम्युअल गावित यांनी मला पत्रा ठोकायला शिकवला. खालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता, तो कापून नवा बसवला. दरवाजे उतरवले, गंज घासला, पुट्टी भरली, पुन्हा घासली. काचेचं रबर, मागचे दिवे, दरवाजाच्या मुठी हे सगळं सॅम्युअलने हायवेवरच्या ट्रकवाल्यांना सांगून सुरतहून, इंदूरहून, कुठून कुठून मागवलं. बंपरला क्रोम चढवून आणला तेव्हा त्यात तोंड बघून मी दाढी केली आहे. सीटची कव्हरं सून हेमांगीने घरच्या शिलाई मशीनवर शिवली. मशीनच्या सुया मोडल्या, पण हार मानली नाही. जुनी सीट उचलताना तिला शिंका आवरेनात. खाली दादाच्या काळातली मिरचीची भुकटी होती. कव्हरांचं इतकं नेटकं काम मी शहरातल्या दुकानातही बघितलेलं नाही. पोरीच्या हातात कला आहे, हे मी तिला तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहवून घेतो.

कलम ३. वेल्डिंगचं मशीन, हातोडे आणि सगळे पाने सॅम्युअल यांना. माझा सतरा नंबरचा पाना त्यांनी नेला तो परत आणलाच नाही. तोही आता त्यांचाच समजावा.

कलम ४. शेजारी उदेसिंग गिरासे यांनी माझ्या ठोकाठोकीने दुपारची झोप मोडते म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज दिला होता. त्यांना मी काहीही देत नाही. वकीलसाहेब सांगतात, ज्याला काही मिळायचं आहे त्याने मृत्युपत्रावर साक्षीदार होऊ नये. तेव्हा उदेसिंग हे साक्षीदार म्हणून उत्तम.

कलम ५. (हे कलम खोडलं आहे. खोडलेलं वाचता येईल असंच ठेवावं, त्याचं कारण पुढे आहे.)

माझी गाडी, म्हणजे इंजिन सोडून संपूर्ण काँटेसा, मी माझी भावजय जसोदाबाई रूपचंद पाटील हिला देतो.

कारण असं. दादा वारल्यावर नदीकाठचं ते इंजिन भाभींनी स्वतः सांभाळलं. तेल बदलायचं, फिल्टर धुवायचा, पट्टा ताणायचा, सगळं स्वतः. मी पहिल्यांदा इंजिन मागायला गेलो तेव्हा त्या कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मन्ही केळीले पानी कोन दी? तुमना बोनट?" मी आल्या पावली घरी आलो.

मग त्यांच्या शेतात सोलरचा पंप बसला. आता इंजिन मोकळं झालं, म्हणून मी पुन्हा गेलो. इंजिन त्यांनी ट्रॅक्टरवर घालून घरी आणलं होतं आणि अंगणात ताडपत्रीखाली ठेवलं होतं. दर सोमवारी त्या ते सुरू करतात. मी विचारलं, पाणी उचलायचं नाही, गाडीला द्यायचं नाही, मग डिझेल कशाला जाळता? भाभींनी इंजिनवर हात ठेवला. "तुमना भाऊ गया. पन याना आवाज तोच शे," म्हणाल्या.

त्यानंतर मी इंजिनाचं नाव काढलं नाही. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. सोमवारी भिंतीपलीकडे इंजिन सुरू व्हायचं आणि अलीकडे मी बोनट उघडून ऐकत बसायचो. पहिल्या झटक्याला सुरू, काडीचा खडखडाट नाही. मी इतकी वर्षं पत्रा चमकवला त्याचं गावभर कौतुक झालं. भाभींनी इंजिन जिवंत ठेवलं ते कुणी बघायलाही गेलं नाही. त्या बाईपुढे मी हात जोडतो.

सॅम्युअल म्हणाले, दुसरं इंजिन आणून बसवू. मी नाही म्हटलं. सांगाड्यावरचा चासी नंबर माझ्या अंगणात आहे, इंजिन नंबर भाभींच्या अंगणात आहे, पण आर. सी. बुकात दोन्ही एकाच पानावर आहेत. दुसरं इंजिन बसवलं तर ती दुसरी गाडी होईल, आणि मला दुसरी गाडी नको. धीरजची कल्पना आहे की गाडी हायवेवरच्या एखाद्या हॉटेलला द्यावी, लोक तिच्यापाशी फोटो काढतील. मेलो तरी मला हे सहन होणार नाही. म्हणून जिच्याकडे इंजिन आहे, तिलाच गाडी. माझ्या अंगणात अर्धी राहण्यापेक्षा तिच्या अंगणात पुरी झालेली बरी. मी बघायला नसेन. काळीज तुटतं, पण चालेल.

पुरवणी. वरचा मजकूर तयार झाल्यावर सह्यांसाठी मी माणसं बोलावली. गावात जसोदाबाईंच्या शब्दाला जेवढं वजन आहे तेवढं कुणाच्याच शब्दाला नाही, म्हणून आमच्याकडे चहाला आलेल्या भाभींना उदेसिंग बोलून गेले, "बाई, दुसरी सही तुम्हीच करा." वकीलसाहेब चटकन म्हणाले, "त्यांना करता येणार नाही." भाभींनी कप खाली ठेवला. "का बरं?" आता सांगणं भागच होतं. कलम पाच वाचून दाखवलं.

भाभी उठून उभ्या राहिल्या. मग माझ्यावर जे बरसल्या! "म्हंजे तुम्ही मरशात तवय गाडी चालू व्हई? मंग मी काय तुम्ही मरानी वाट देखत बसू? माले काही नको. कलम खोडा!"

मी म्हटलं, "भाभी, पण दादाचा आवाज..."

"भिंत एकच शे," त्या म्हणाल्या. "इकडे वाजना काय नि तिकडे वाजना काय, माले ऐकू येसच." आणि पदराने डोळे पुसून चपला न घालताच घरी गेल्या. माझ्याच्याने तिथे बसवेना, मी गाडीजवळ जाऊन रडलो. हे उदेसिंग यांनी बघितलं आहे, त्यांनी गावभर सांगावं.

दुसऱ्या दिवशी भाभींनी इंजिन आमच्या अंगणात धाडलं. ट्रॅक्टर धीरजने चालवला आणि हॉटेलचं नाव पुन्हा काढलं नाही. लिंबाच्या फांदीला चेनपुली टांगून सॅम्युअल यांनी इंजिन उतरवलं. त्यांच्याबरोबर सतरा नंबरचा पानाही आला. माउंटिंगची, म्हणजे इंजिन बसवायची, भोकं काही न घासता जुळली. का नाही जुळणार? ती एकमेकांचीच होती.

वकीलसाहेब नवा कागद करतो म्हणाले. मी म्हटलं, नको. खोडलेलं राहू द्या, वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

नवं कलम ५. काँटेसा, चासी व इंजिनसह, सून हेमांगी हिला. तिने ती चालवावी, नुसती उभी करू नये. पुढे कितीही चुली झाल्या तरी ही गाडी कोणत्याही वाटणीत पुन्हा दोन करू नये. तसं सुचवणाऱ्या पंचाला चहासुद्धा विचारू नये. दर सोमवारी भाभींना पुढच्या सीटवर बसवून पुलापर्यंत न्यावं. वकीलसाहेबांना शंका आहे की हे कायद्यात बसतं का. कायद्यात बसो वा न बसो, भाभी पुढेच बसतील.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. आहे ते हेच, आणि ते मी वाचून, समजून, घाईघाईने सही करत आहे. घाईचं कारण साक्षीदार क्रमांक दोन सांगतील.

सही : पितांबर मगन पाटील
ठिकाण : प्रकाशा
दिनांक : ९ मार्च २०२५

साक्षीदार क्रमांक १ : सर्व मजकूर, कलम चारसकट, मला वाचून दाखवला. पितांबर यांनी माझ्यासमोर सही केली. ग्रामपंचायतीतला अर्ज मी मागे घेतला आहे.
सही : उदेसिंग गिरासे

साक्षीदार क्रमांक २ : दीरनी मन्हा समोर सही करी. डोकं ठिकानावर शे. माले यामा काही भेटत नही, म्हनीसन मी सही करस. गाडी दारमा चालू शे, डिझेल जळी ऱ्हायनं. बाकीनं मंग लिखा, आते चला.
सही : जसोदाबाई रूपचंद पाटील